नवी गाणी, ऑक्टापॅडच्या मागून

‘शेकी’ हे गाणं ऐकताना सोपं वाटतं. वाजवायला बसलं की कळतं, त्यात वाजवणाऱ्याला शिरायला जागाच ठेवलेली नाही.

मी ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, वाजवतो. कल्याण, भिवंडी, पनवेल, उरण या पट्ट्यात हळदी, साखरपुडे, बारशी, गणपती, नवरात्र, जत्रा, जिथून सुपारी येईल तिथे. आमच्याकडे हळद लग्नापेक्षा मोठी. लग्न मुहूर्तावर उरकतं, हळदीला मात्र सगळं गाव येतं, आणि दहाच्या नियमाची आठवण करून द्यायला कोणीतरी आल्याशिवाय थांबत नाही. अशा मांडवात नवं गाणं आलं की आठवड्याच्या आत त्याची फर्माईश येते. तुम्ही ते बसवलंय की नाही याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. नवरदेवाचा मावसभाऊ स्टेजच्या कडेला येतो, मोबाइल कानाशी धरतो आणि म्हणतो, “दादूस, याच वाजव.”

म्हणून नवी गाणी मी हौसेने कमी आणि पोटासाठी जास्त ऐकतो. चांगलं-वाईट ठरवायची माझी रीतही त्यातूनच आली आहे. स्टुडिओ काढून घेतला तर उरलेलं गाणं पाच माणसांना उभं करता येतं का? कीबोर्ड, बेस, ढोलकी, ऑक्टापॅड आणि एक गळा. एवढ्यात जे उभं राहतं ते गाणं. जे राहत नाही ते रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगही छान असू शकतं, पण मग ते डीजेनेच लावावं, आम्हाला कशाला बोलावता?

आषाढापासून आमचा धंदा थंड असतो. यंदा, म्हणजे २०२५ला, गणपती २७ ऑगस्टला आहेत आणि त्याआधी यादी नक्की करायची आहे. त्या निमित्ताने या वर्षातली पाच गाणी नीट, हेडफोन लावून, ठेका मोजत ऐकली. त्यातलं एक गेल्या दिवाळीच्या तोंडावर आलेलं आहे, पण मांडवात ते अजून नवंच आहे.

तर ‘शेकी’. गायक संजू राठोड आणि त्याचा संगीतकार जी-स्पार्क, ही जोडी २०२४ मधे ‘गुलाबी साडी’ने घराघरात पोचली. जळगाव जिल्ह्यातला पोरगा, मागे सिनेमा नाही, आणि साडी नेसून फोटो काढून घ्यायच्या हट्टावरचं एक गाणं. मराठी न समजणारी माणसंसुद्धा त्याच्यावर रील करत होती. मला त्या गाण्याचं कौतुक आहे. त्यात एक बाई बोलते, तिचा एक हट्ट आहे, आणि तो हट्ट चालीतही ऐकू येतो. ‘शेकी’ या एप्रिलमधे आलं, ऐन लग्नाच्या हंगामात. व्हिडिओत ईशा मालवीय आहे. मे संपेपर्यंत आमच्याकडे असा एकही कार्यक्रम झाला नाही ज्यात ते मागितलं गेलं नाही.

ठेक्याचं सांगतो, कारण मजा तिथेच आहे. आठ बारीक मात्रा धरा आणि त्या चार-चार अशा न तोडता तीन, तीन, दोन अशा तोडा. धा-अ-अ, धा-अ-अ, धा-अ. सध्या जगभरातल्या निम्म्या नाचगाण्यांच्या बुडाशी हा तोल आहे. जमैकातून निघाला, पनामाला गेला, प्वेर्तो रिकोत रेगेटॉन झाला, आफ्रिकेतल्या गाण्यांत तर तो आधीपासून होताच. ‘शेकी’ त्याच घराण्यातलं. आपल्या ढोलकीला हा तोल परका नाही. आठ मात्रांचा कहरवा जरा तिरका केला की हात आपोआप तिथे जातो. म्हणूनच हे गाणं हळदीत परकं वाटत नाही. सत्तरीतली आजीसुद्धा खुर्चीवर बसल्या बसल्या खांदा हलवते आणि तिचा खांदा बरोबर त्या शेवटच्या दोनावर पडतो. हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

शब्दांचंही काम चोख आहे. ‘नंबर’ला ‘कंबर’ हे यमक कोणालाही सुचेल, पण ते दोन्ही शब्द ठेक्याच्या नेमक्या उचलीवर बसवणं कोणालाही जमत नाही. मराठीत जोडाक्षरं भरपूर, त्यामुळे पॉपच्या ठेक्यावर आपली भाषा नेहमी अडखळते. ‘प्रेमाच्या स्वप्नात’ असं काही लिहिलंत की गायकाची जीभ तीन ठिकाणी आपटते. संजू राठोड बोलण्यातले, मोकळ्या स्वरांचे शब्द घेतो आणि मधेच इंग्रजी टाकतो, तेही आपण बोलताना टाकतो तेवढंच. शुद्धलेखनवाल्यांनी नाकं मुरडू देत. गळ्यात बसतं ते गाणं. आमच्या गायिकेने ‘शेकी’ दोनदा ऐकून गायलं, तिसऱ्यांदा कागद लागला नाही.

आता तक्रार. गाणं सुरू झालं की पहिल्या मिनिटात त्याच्या पोतडीतलं सगळं बाहेर येतं. मुखडा येतो, पुन्हा येतो, मधे कडवं म्हणून जे येतं ते त्याच लूपवर, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्यावर, त्याच सुरांच्या आसपास फिरतं आणि परत मुखड्याला टेकतं. बदलतं ते एवढंच की मधे खालचा बेस काढून घेतात आणि मग परत सोडतात. स्पीकरवर ते दणकेबाज लागतं. स्टेजवर मी काय करू? माझ्याकडे आठ पॅड आहेत. बहुतेक ऑर्केस्ट्रांसारखा माझाही रोलँडचा एसपीडी-२० आहे, जुना पण इमानी. त्याच्यावर मी किक, रिम, टाळी आणि एक घुंगरू लावतो. पहिल्या सोळा मात्रांत माझं सगळं वाजवून होतं. पुढे तीन मिनिटं तेच. शेजारी ढोलकीवाला मांडीवर हात ठेवून बसलेला, कारण ओरिजिनलमधे त्याला काम नाही. आणि या माणसाच्या बोटांत काय काय आहे ते मला माहीत आहे.

मे महिन्यात पेणच्या बाजूला एका हळदीत आम्ही न ठरवता एक केलं. दुसरा मुखडा संपला, मी हात उचलला, कीबोर्डवाल्यानेही सोडून दिलं, आणि ढोलकीवाल्याकडे मान केली. त्याने तोच तीन-तीन-दोनचा तोल धरला आणि चाटीवर उचलला. आधी सुटा सुटा, मग भरत भरत, डाव्या हाताच्या घुमाऱ्याने प्रश्न आणि उजव्याने उत्तर, आणि शेवटी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन थेट ‘शेकी’च्या पहिल्या अक्षरावर आणून सोडला. मांडवात जी आरोळी उठली ती गाण्याला उठली नव्हती. तेव्हापासून आम्ही ते तसंच वाजवतो. फर्माईश करणारे नाराज नाहीत. उलट आता काही जण “ते ढोलकीवालं” असं म्हणूनच मागतात.

माझं म्हणणं म्हणाल तर ते हे. गाण्यातून अंतरा गेला आहे. अंतरा म्हणजे नुसतं दुसरं कडवं नव्हे. मुखडा सोडून गाणं लांब जातं, वरच्या सप्तकात काहीतरी वेगळं सांगतं, आणि परत येताना मुखड्याचा अर्थ थोडा बदललेला असतो. वाजवणाऱ्यालाही तिथेच जागा मिळते. ठेका बदलायचा, लग्गी लावायची, कट घ्यायचा, समेवर आणून ठेवायचं. अंतरा नसलेलं गाणं वाजवणं म्हणजे फाटकापर्यंत जाऊन जाऊन परत येणं.

याचं कारण सगळे सांगतात ते असं की लोकांना वेळ नाही. मला ते पटत नाही. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम, म्हणजे एकदा ऐकलं, असं धरतात. इन्स्टाग्रामचं रील भारतात आलं जुलै २०२०ला, टिकटॉकवर बंदी आली त्याच्या लगेच नंतर, आणि तेव्हापासून गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा हाच माल झाला. म्हणजे पहिल्या तीस सेकंदांत माणूस धरायचा आणि एक तुकडा असा करायचा की तो कापून कुठेही चिकटवता येईल. हिशेब सरळ आहे आणि करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण “तीन मिनिटांत अंतरा कसा बसवायचा” असं कोणी म्हणालं तर मात्र मला हसू येतं. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आतच मावायचं. ग. ना. जोशींनी ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ १९३०च्या दशकात गायली ती याच मापात. गौहर जाननी १९०२ मधे ख्याल-ठुमऱ्या त्याच्याही आत बसवल्या, वर शेवटी स्वतःचं नावही सांगितलं. वेळ तेव्हाही तेवढाच होता.

हे डोक्यात ठेवून इंग्लंडचा गायक एड शीरन याच्याकडे येतो, कारण त्याने या वर्षी पाठोपाठ सिंगल सोडली आणि त्यातलं ‘सफायर’ आपल्याकडच्या लग्नांत चक्क शिरलं आहे. सुशिक्षित, कॉम्प्लेक्समधल्या, संगीत सेरेमनी ठेवणाऱ्या लग्नांत तर ते वरातीच्या आधीचं गाणं झालं आहे.

पुतणीच्या आग्रहामुळे मी या माणसाला प्रत्यक्ष पाहिला आहे. ३० जानेवारीला पुण्यात, बिबवेवाडीच्या यश लॉन्सवर. त्याच्या भारत दौऱ्याची सुरुवात तिथून झाली. तिकीट तिने काढलं, मी गाडी चालवली, आणि जाताना मनात म्हणत होतो की गिटार घेऊन एकटा माणूस मैदान कसं भरणार. तो काय करतो, गिटारच्या लाकडावर हाताने थाप मारतो, पायाखालचं यंत्र ते धरून ठेवतं आणि फिरवत राहतं. त्याच्यावर तारा छेडतो, तेही फिरायला लागतं. मग स्वतःच्याच आवाजाची एक पट्टी, वर दुसरी. दोन मिनिटांत एकटा माणूस पाच माणसांचं वाजवत असतो, आणि हे सगळं तिथल्या तिथे, लोकांसमोर. आधी भरून आणलेलं काही नाही. वाजवणारा म्हणून मी टोपी काढली. एक थाप जरी अर्ध्या केसाने मागेपुढे पडली, तर पुढची तीन मिनिटं ती चूक फिरत राहणार. त्याची पडली नाही.

पण त्याच रात्री मला त्याच्या गाण्यांचं गुपितही कळलं, असं वाटतं. जो माणूस फिरत्या चक्रावर गाणं रचतो, त्याच्या गाण्यात खालचे स्वरमेळ बदलत नाहीत, कारण चक्र एकदा लावलं की लावलं. कडवं आणि मुखडा एकाच चक्रावर बसतात. फरक पाडायचा तो फक्त गळ्याने आणि थर चढवून-उतरवून. आपल्या पोरांनी कॉम्प्युटरवर लूप लावून जे केलं तेच हा पायाने करतो. फक्त त्याच्या पायात रियाज आहे.

‘सफायर’ ५ जूनला आलं. काही काम त्याने गोव्यात केलं, आपल्याकडचे वादक घेऊन, आणि मग अरिजित सिंगला गायला घेतलं. त्यासाठी तो मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जियागंजला, अरिजितच्या गावी गेला. व्हिडिओत दोघे स्कूटरवर फिरताना दिसतात, आणि शेवटी शाहरुख खान येऊन ओठ हलवून जातो. शाहरुख आला की टीका करणाऱ्याची अर्धी हवा जाते हे त्या लोकांना बरोबर ठाऊक असणार.

व्हिडिओ बंद करून ऐका. परदेशी कलाकार आपली वाद्यं घेतो तेव्हा नेहमी काय होतं? सुरुवातीला सतारीची एक सरकती लकेर, मधे कुठेतरी तबल्याचा एक तुकडा, आणि बाकी गाणं जिथे होतं तिथेच. वाद्य म्हणजे कोथिंबीर. ‘सफायर’ त्याहून बरं आहे. इथे तालवाद्यं वरून भुरभुरलेली नाहीत, गाणं त्यांच्यावर उभं आहे. एडची इंग्रजी ओळ छोटी छोटी तुटते, एक शब्द, थांबा, एक शब्द, थांबा, आणि त्या थांब्यांत ठेका बोलतो. हे आमचं काम आहे. गायकाने श्वास घेतला की तिथे हात फिरवायचा. कोणीतरी कान देऊन ते बसवलं आहे. पंजाबी ओळींना त्याने घाईत उरकलेलं नाही, जिभेवर घोळवून म्हटलं आहे. गेल्या वर्षी १६ मार्चला महालक्ष्मी रेसकोर्सवर दिलजीत दोसांझबरोबर तो पंजाबीत गायला होता, तेव्हापासूनची ही तयारी म्हणायची.

हे आम्ही बसवलं. आणि उभं राहिलं! कीबोर्डवाल्याने गिटारचा टोन लावला, ढोलकीवाल्याने साधा कहरवा धरला, मी टाळ्या सांभाळल्या. इंग्रजी ओळी आमच्या गायकाला जड गेल्या, त्याने कागदावर देवनागरीत लिहून काढल्या आणि थोडं स्वतःचं इंग्रजी घातलं. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण इंग्रजी ओळी लोक ऐकतच नव्हते. ‘चमचम’ आलं की सगळ्यांचे हात वर. म्हणजे गाणं चाललं ते पंजाबी तुकड्यावर. त्या तुकड्यात अरिजितचा गळा मात्र पार मागे ठेवला आहे. एवढा गळा घ्यायला बंगालपर्यंत गेलात आणि त्याला साथीला उभं केलंत? त्याला एक अंतरा द्यायचा. ‘सफायर’ म्हणजे नीलम; त्या दगडाच्या निळ्या-काळ्या रंगात आतून बघायला लावेल असा एक, मंद्रात सुरू होऊन वर जाणारा. पुढे अरिजितचा आवाज वाढवून त्याचं दुसरं रूप काढलं, म्हणजे त्यांनाही ते जाणवलं असणार. पण दुसऱ्या रूपातही चक्र तेच, त्यामुळे अरिजित त्याच गल्लीत जास्त वेळ चालतो, एवढंच.

तरी माझ्या यादीत ‘सफायर’ पक्कं. संध्याकाळच्या पहिल्या तासात, लोक जेवत असताना.

‘अझीझम’ हे त्याचंच, ४ एप्रिलचं. निर्माता इल्या सलमानजादेह स्वीडनमधला, घराणं इराणी, आणि त्याच्यामुळे एड इराणी सुरावटीकडे वळला. यात डफ आहे आणि संतूर आहे. काश्मिरी नव्हे, इराणी, आवाज जास्त कोरडा आणि टोकदार. डफाचं मी जरा जास्त ऐकलं. इराणी डफाच्या आतल्या कडेला लोखंडी कड्या ओवलेल्या असतात. थाप मारली की कातडं बोलतं आणि मागून कड्यांची खळखळ येते. शाहिरांच्या आपल्या डफात ती खळखळ नाही, म्हणून आपला डफ ठणठणीत आणि त्यांचा वाळूसारखा. ऑक्टापॅडवर हा आवाज काढायला मी ढोलाची एक पोकळ थाप आणि खुळखुळा एका पॅडवर बसवला, एकमेकांच्या किंचित मागेपुढे. सत्तर टक्के जमलं.

गाणं मात्र ‘सफायर’पेक्षा हलकं. भरपूर उत्साह, सगळ्यांनी मिळून म्हणायचं, पाय आपटायचे, संपलं. इराणी गंध अत्तराच्या फायाइतका. पण नंतर त्याने हेच गाणं फारसीत गूगूशबरोबर केलं आणि ते ऐकून मी सरळ बसलो. गूगूश म्हणजे इराणी पॉपमधली सगळ्यात मोठी बाई. १९७९च्या क्रांतीनंतर तिला तिच्या देशात दोन दशकं गाता आलं नाही. २००० मधे ती बाहेर पडली आणि पुन्हा उभी राहिली. त्या आवाजात आता वय आहे, किंचित कंप आहे. त्याच लूपवर, त्याच सुरांवर ती येते आणि गाण्याचं वजन बदलतं. मला अंतरा हवा असतो तो याच्यासाठी. इथे तो रचनेने दिला नाही, गळ्याने दिला. मूळ इंग्रजी विसरा, फारसी ऐका. मांडवात दोन्ही चालणार नाहीत.

कोरियन पॉपमधली रोझे आणि अमेरिकेचा ब्रूनो मार्स यांचं ‘आपाटू’ (लोक असंच म्हणतात, आमच्या यादीतही असंच लिहिलं आहे) १८ ऑक्टोबर २०२४चं. त्याच्याबद्दल फार बोलायला नको, बारशापासून रिटायरमेंटपर्यंत सगळीकडे वाजून झालं. कोरियात दारू पिताना खेळायचा हाताची चळत रचायचा खेळ आहे, त्याची आरोळी घेऊन केलेलं गाणं. यूट्यूबवर अब्जाच्या वर गेलं. वाजवायला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात मजेचं. सरळ ठोक, टाळी, आरोळी. तरीही लक्ष देऊन ऐकाल तर शेवटाकडे एक जागा आहे, जिथे सगळं थांबतं, ठेका बदलतो, दोघे तयारी करायला सांगतात आणि मग परत आरोळीवर येतात. छोटासा का होईना, तो अंतरा आहे. गीतकारांच्या यादीत चिन आणि चॅपमन ही नावं दिसतात, १९७०-८०च्या दशकातल्या ब्रिटिश पॉपची मुरलेली जोडी, कारण आरोळीचा साचा त्यांच्या जुन्या गाण्यावरून आला आहे. जुन्या कारागिरांचा साचा असला की गाण्याला कणा येतो, एवढं कळतं. कोरियन शब्द कोणालाच कळत नाहीत आणि कोणाचं काही अडत नाही. तीन वर्षांचं पोरही पहिल्या दमात म्हणतं. आमच्या निवेदकाने एका वाढदिवसाला त्याच्यावर खेळ घेतला, दारूविना, हातांची चळत रचून. आज्या जिंकल्या.

एक आडवं बोलून घेतो. मराठी पॉपचं काही खरं नाही असं म्हणणारे लोक गेल्या वर्षीचं ‘तांबडी चामडी’ विसरतात. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं, स्पिनिन या डच कंपनीने काढलेलं. क्लबचा सरळ चार-चारचा ठोक आणि त्याच्यावर ठसक्यात मराठी. मला ते वाजवता येत नाही, ते डीजेचंच आहे आणि डीजेचं म्हणून उत्तम आहे. त्याला अंतरा नाही याची तक्रार मी करणार नाही, कारण ते मुळात मुखड्या-अंतऱ्याचं सोंग घेतच नाही. ‘शेकी’ घेतं. म्हणून तक्रार तिथेच.

राहिलं ‘ओल्ड फोन’, एडचंच, १ मेला आलेलं. एका कोर्टकेसच्या भानगडीत त्याला जुना, दहा वर्षं बंद पडलेला फोन परत सुरू करावा लागला. त्यात वारलेल्या मित्राचे मेसेज, तुटलेली मैत्री, जुनी भांडणं सापडली. त्याच्यावरचं हे गाणं. गिटार आणि गळा, मागे थोडी साथ. गंमत म्हणजे या सगळ्यांत खरी कडवी आहेत ती याच्यात. प्रत्येक कडव्यात नवीन काहीतरी कळतं, आणि मुखडा परत आला की आधीपेक्षा जरा जास्त लागतो. पाच गाण्यांतलं सगळ्यात जुन्या रीतीने रचलेलं हेच. म्हणून की काय, अख्ख्या हंगामात त्याची एकही फर्माईश आली नाही. पुतणीलाही आवडत नाही. “काका, ते झोपवतं,” असं तिचं म्हणणं.

याच्या ठेक्याला मी हात लावणार नाही. लावायचाच झाला तर ब्रश घेऊन एका पॅडवर नुसतं घासायचं, आणि तेवढ्यासाठी मला कोणी पैसे देणार नाही.

तर गणपतीची यादी अशी लागली आहे. ‘शेकी’ मधल्या ढोलकीसकट, आणि यंदा ढोलकीचा तुकडा दुप्पट करायचा ठरलं आहे. मंडळाच्या पोरांना आधी सांगून ठेवायचं, नाहीतर मधेच “ट्रॅक बंद पडला” म्हणून कोणीतरी मिक्सरकडे धावतं. ‘सफायर’ लवकर, आरतीनंतर लगेच. त्याला आमच्या गायिकेने पंजाबी तुकड्याच्या वरच्या सुरांत एक आलाप जोडला आहे, चार आवर्तनांचा, काळी दोनमधे. मूळ गाण्यात तो नाही, पण मला वाटतं असायला हवा होता. ‘आपाटू’ लहान मुलांच्या वेळेला. ‘अझीझम’ कटाप. ढोलकीवाल्याने ‘सफायर’च्या त्या आलापाखाली दादरा लावून बघू असं सुचवलं आहे. आठाच्या चक्रात सहाचं कसं बसवणार म्हणून कीबोर्डवाला त्याच्याशी गेला आठवडाभर भांडतोय. रविवारी तालमीत बघू.